सर मोठ्यानं रडतात तेव्हा

पत्र:

"मी सांगलीची, वय ३१. पहिला चित्रपट केलाय. वीजमंडळातून निवृत्त झालेला एक लाइनमन आणि घर विकायच्या कामासाठी चार दिवस माहेरी आलेली त्याची मुलगी, एवढीच गोष्ट आहे. बापाचं काम माझ्या सरांनी केलंय. एकांकिका म्हणजे काय हे मी त्यांच्याच हाताखाली शिकले. त्यांनी एक रुपया न घेता १८ दिवस दिले. पहिल्या दिवशी त्यांचा पहिला टेक झाला आणि अख्ख्या युनिटनं टाळ्या वाजवल्या. मलाही भरून आलं. पण आता एडिटच्या टेबलावर बसल्यावर दिसतंय, बाकीचे सगळे एका चित्रपटात आहेत आणि सर दुसऱ्याच. गेल्या रविवारी मित्राच्या हॉलमध्ये १२ जणांना रफ कट, म्हणजे पहिली कच्ची जोडणी, दाखवला. आईची साडी ट्रंकेतून निघते त्या प्रसंगात सर छाती बडवून रडतात. तिथं दोघं हसले, मग बाकीचेही. निर्माता म्हणतो, सरांना निम्मं कापा. सर एक दिवसाआड फोन करून विचारतात, 'पोरी, कसं दिसतंय गं माझं काम?' मी काहीतरी बोलून वेळ मारून नेते. एडिटमध्ये हे वाचेल का? पैसे डबिंग आणि मिक्सिंगपुरतेच उरलेत, फार तर ओढूनताणून एका दिवसाचं शूट जमेल. सरांना खरं सांगू का? आणि चूक नक्की कुणाची?"

— एक दिग्दर्शिका

प्रिय मैत्रीण,

त्या हॉलमधले दोघं का हसले, याचा मी दोन दिवस विचार करतेय. चित्रपट मुळातच फसलेला असता तर कुणी हसलं नसतं. लोकांनी मोबाइल काढले असते, कुणीतरी चहाचं विचारलं असतं. ते हसले, कारण तासभर ते तुमच्या त्या घरात राहत होते. त्या मुलीवर त्यांचा विश्वास बसला होता, ती कपाट आवरताना ते तिच्यासोबत आवरत होते. आणि एकदम कुणीतरी दिवे लावून 'हे नाटक आहे' असं सांगितलं. माणूस असा अचानक बाहेर फेकला गेला की आधी हसतो. तेव्हा ते हसू सरांची लायकी ठरवत नाही. बाकीच्या चित्रपटाबद्दल मात्र ते फार चांगलं काहीतरी सांगतं, एवढं मनाशी धरून पुढचं वाचा.

मी संकलक आहे. दिग्दर्शक नाही, नटही नाही. पण इतकी वर्षं टेबलावर बसून नटांचे चेहरे जितके पाहिलेत तितके घरच्यांचेही पाहिले नसतील. त्यातून एक गोष्ट मला पक्की कळली आहे. आपण ज्याला 'ओव्हर' म्हणतो, ते बहुतेक वेळा जास्त नसतं, वेगळं असतं. गाण्यात पट्टी असते तशी चित्रपटालाही असते. पेटी एका पट्टीत वाजत असेल आणि गाणारा दुसऱ्या पट्टीत गात असेल, तर त्याचा गळा कितीही गोड असू दे, ऐकवत नाही. 'अशी ही बनवाबनवी'त सगळेच जण वरच्या पट्टीत आहेत. अशोक सराफ, लक्ष्मीकांत बेर्डे, घरमालक झालेले सुधीर जोशी, एकही माणूस हळू बोलत नाही. ते आपल्याला भडक वाटत नाही, कारण पट्टी एकच आहे आणि प्रत्येक जण दुसऱ्याचं ऐकून मग बोलतो. त्यातल्या एकानं 'कोर्ट'मधल्यासारखं काम केलं असतं तर तोच बेसूर झाला असता.

'कोर्ट' (२०१४) पुन्हा पाहा, तुमच्या कामाचं त्यात काहीतरी आहे. त्यातली सरकारी वकील सुट्टीच्या दिवशी कुटुंबाला घेऊन मराठी नाटक बघायला जाते. रंगमंचावर चांगला ठसठशीत, मोठ्या आवाजातला अभिनय चाललेला असतो, परप्रांतीयांवर विनोद होतात, लोक हसतात. एरवी जिथं माणसं पुटपुटतात, कागद चाळतात, जांभया देतात, अशा चित्रपटात हे आलंय. तरी ते टोचत नाही. दिग्दर्शकानं त्या मोठ्या आवाजाला जागा नेमून दिली आहे. तो रंगमंचावर आहे, आणि आपण त्या बाईसोबत प्रेक्षकांत बसलोय.

याहून जुनं आणि मला जास्त प्रिय असलेलं उदाहरण प्रभातचं आहे. 'संत तुकाराम' (१९३६) सुरू होतो तो तुकाराम झालेल्या विष्णुपंत पागनिसांच्या अभंगानं. स्वतःत बुडालेला चेहरा, कुणाला काही दाखवायची घाई नाही. मग तोच अभंग आपल्याला देवळात ऐकू येतो, सालोमालोच्या तोंडून. तुकारामाचा अभंग तो स्वतःचा म्हणून खपवतोय, आणि गातोय कसा, तर ताना घेत, हात फिरवत, समोरच्यांकडे बघत. भागवतांनी ही भूमिका जितकी रंगवता येईल तितकी रंगवलीय. आज स्वतंत्रपणे पाहिली तर कुणीही सहज 'किती नाटकी' म्हणेल. पण दामले आणि फत्तेलाल यांना नेमकं तेच हवं होतं. एक माणूस गातो आणि दुसरा गाऊन दाखवतो, यातल्या फरकावरच तर तो चित्रपट उभा आहे. सालोमालोचा आव हा त्या नटाचा दोष राहत नाही, त्या पात्राचा स्वभाव होतो. शिवाय मध्ये गौरींची जिजाई आहे, रांगडी, तोंडाळ, मोठ्यानं भांडणारी. तिचा आवाज सगळ्यांत वर जातो आणि तरीही त्या चित्रपटात तिच्याइतकं खरं दुसरं कुणी मला वाटत नाही. ती मोठ्यानं बोलते कारण घरात खायला नाही आणि नवरा विठ्ठलाच्या नादात आहे. तिच्या आवाजाला कारण आहे.

हे 'कारण' लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

चूक कुणाची, असं तुम्ही विचारलंय. स्पष्ट सांगते, त्यातली मोठी बाजू तुमची आहे. सरांचं सगळं आयुष्य शेवटच्या रांगेसाठी बोलण्यात गेलं. राज्य नाट्य स्पर्धेत, गावोगावच्या पत्र्याच्या सभागृहात, वर पावसाचा आवाज आणि पुढे रडणारी पोरं असताना ज्यांनी वाक्य मागच्या भिंतीपर्यंत पोचवलं, त्यांच्यासाठी मोठा आवाज ही सवय नसते, प्रेक्षकाचा मान राखणं असतं. तिकीट काढून मागे बसलेल्याला ऐकू गेलं नाही तर तो अपमान, हे त्यांनीच तुम्हाला शिकवलं असणार. त्या माणसाला तुम्ही दोन फुटांवरच्या कॅमेऱ्यासमोर उभं केलंत आणि काय बदललंय ते सांगितलं नाहीत. वर पहिल्या टेकला टाळ्या. युनिटनं प्रेमानं वाजवल्या असतील, पण त्या क्षणी तुमचा सेट नाट्यगृह झाला. सरांना पट्टी मिळाली आणि ती त्यांनी १८ दिवस इमानानं सांभाळली. इमान त्यांचं पक्कं होतं. पट्टी द्यायचं काम तुमचं होतं आणि ते युनिटच्या टाळ्यांनी केलं.

मोठमोठ्यांना हा अनुभव आला आहे. बालगंधर्वांनी शांतारामबापूंच्या 'धर्मात्मा'त (१९३५) एकनाथ केला. ज्यांच्या एका पदासाठी लोक रात्री जागवत ते गंधर्व चित्रपटात रमले नाहीत. समोर प्रेक्षक नाही, वन्स मोअर नाही, भूमिकाही पुरुषाची. आपली सगळी कला ज्यांच्या श्वासावर तोलायची ती माणसंच समोरून काढून घेतली, तर नटानं कशावर उभं राहायचं?

पण रंगभूमीचा नट म्हणजे पडद्यावर भडक, हे खरं नाही. डॉ. श्रीराम लागूंनी १९७० साली 'नटसम्राट' उभा केला, तो नाट्यगृह भरून टाकणारा होता. चारच वर्षांनी 'सामना'मध्ये ते दारूत बुडालेले मास्तर झाले. समोर हिंदुराव धोंडे पाटील, म्हणजे निळू फुले, तेही कलापथकातून आणि लोकनाट्यातून आलेले. दोघांची घडण मोठ्या आवाजाची. आणि त्या चित्रपटात निळूभाऊ आवाज चढवण्याऐवजी उतरवतात, आणि जितका उतरवतात तितकी भीती वाढते. डॉ. जब्बार पटेलांनी दोघांची एकमेकांशी पट्टी जुळवून घेतली. सरांचंही जमलं असतं. अजूनही थोडंफार जमेल, त्यावर येतेच.

आधी तुमच्या निर्मात्याचं, निम्मं कापायचं. ते करू नका. अभिनय खटकतो तो मिनिटांच्या हिशेबानं खटकत नाही. 'ब्रेकफास्ट अ‍ॅट टिफनीज' (१९६१) घ्या. ऑड्री हेपबर्न, मॅन्सिनीचं संगीत, सगळं किती तरल. आणि वरच्या मजल्यावर मिकी रूनीनं केलेला जपानी शेजारी, खोटे पुढे आलेले दात, आपटणं, किंचाळणं. सगळा मिळून काही मिनिटांचा भाग आहे. पण आज त्या चित्रपटाचं नाव निघालं की त्या मिनिटांचा विषय निघतोच. त्यात जपानी माणसाची टिंगल आहे हा दोष तर फारच मोठा. पण ती टिंगल नसती तरी तो तुकडा त्या चित्रपटात बसला नसता. आणि रूनीनं ते दिग्दर्शकाच्या पसंतीनंच केलं. ब्लेक एडवर्ड्स यांनी पुढे त्याबद्दल खेद व्यक्त केला, पण पडद्यावर जे गेलं ते गेलं.

कापण्याचा मला स्वतःलाही कटू अनुभव आहे. वीसेक वर्षांपूर्वी एका कौटुंबिक चित्रपटात काकाचं काम करणाऱ्या नटानं असाच सूर लावला होता. सगळ्यांच्या आग्रहामुळे मी त्याचे प्रसंग २२ मिनिटांवरून ९ मिनिटांवर आणले. हसू थांबलं, आम्ही खूश झालो. प्रदर्शनानंतर एका प्रेक्षक बाईंनी मला विचारलं, "ती मुलगी सारखी कुणाला घाबरत होती?" तेव्हा कळलं, काकाबरोबर मी त्या मुलीची भीतीही कापली होती. तिचं काम सुंदर झालं होतं, आणि ते हवेत लोंबकळत राहिलं. त्या अभिनेत्रीची मी अजून मनातून माफी मागते.

तुमच्या चित्रपटात बाप म्हणजे निम्मा चित्रपट. त्याला कापलंत तर मुलगी कुणाचं घर आवरते आहे?

म्हणून मिनिटं मोजायचं सोडून पुन्हा रशेसकडे, म्हणजे शूट केलेल्या सगळ्या कच्च्या टेककडे जा. शूटच्या वेळी ओके केलेले टेक बाजूला ठेवा. ते तुम्ही टाळ्यांच्या वातावरणात निवडलेत. एनजी, म्हणजे 'नो गुड' म्हणून टाकून दिलेले टेक बघा. जिथं सर वाक्य विसरले आणि क्षणभर शोधत राहिले, तिथला चेहरा बघा. वाक्य शोधणारा नट खोटं वागूच शकत नाही, आणि पडद्यावर तो आठवण शोधणाऱ्या म्हाताऱ्यासारखा दिसतो. 'ॲक्शन' म्हणायच्या आधीचे आणि 'कट'नंतरचे सेकंद बघा. बहुतेक कॅमेरामन 'कट' ऐकल्यावर एखाददोन क्षण कॅमेरा चालू ठेवतात. सर उसासा टाकतात, चष्मा पुसतात, पाण्याची बाटली शोधतात. त्यातला प्रत्येक क्षण तुमचा लाइनमन आहे.

मग ओके टेकही नव्यानं बघा, पण कात्री वेगळ्या ठिकाणी लावा. वरच्या पट्टीतला नट भावना तीनदा करतो. वाक्याच्या आधी चेहऱ्यावर आणतो, मग वाक्यात आणतो, मग वाक्य संपल्यावर पुन्हा चेहऱ्यावर धरून ठेवतो, कारण रंगमंचावर तिथं टाळी येते. आधीचं आणि नंतरचं काढा. मधलं बरंच चांगलं निघतं. क्लोजअप असेल तर त्याच वाक्याचा लांबचा शॉट लावून बघा. हातवारे दहा पावलांवरून माणसाचे वाटतात, चित्रपटगृहात वीस फुटांच्या चेहऱ्यावर तेच असह्य होतात. आणि सरांच्या प्रसंगांखाली पार्श्वसंगीत अजिबात नको. ते रडतायत, व्हायोलिनही रडतंय, मग प्रेक्षकाला रडायला जागाच उरत नाही. तिथं पंख्याचा आवाज ठेवा, लांबून जाणारी एसटी ठेवा.

सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे प्रसंग मुलीला द्या. सरांची वाक्यं चालू असताना पडद्यावर तिचा चेहरा असू दे. ऐकणारा खरा असला की बोलणाऱ्यावर विश्वास बसतो.

पण एवढ्यानंही पुरणार नाही. आता ते मघाचं 'कारण'. तुमच्या पटकथेतला बाप बहुधा अबोल होता, पडद्यावरचा अबोल नाही. त्या अबोल बापाचा शोक करून झाला असेल तर आता या दुसऱ्या बापाकडे नीट बघा. हा कोण आहे? लाइनमन आहे. तीस-पस्तीस वर्षं खांबावर चढून खाली उभ्या असलेल्या माणसाला ओरडून विचारणारा, सप्लाय बंद केलास का, डीपीवर कोण आहे. वारा सुटलेला, पाऊस पडतोय, आणि शब्द नीट ऐकू गेला नाही तर जिवाशी गाठ. असा माणूस घरातही मोठ्यानंच बोलणार! शेजारच्या खोलीतल्या बायकोला त्यानं उभ्या जन्मात हळू हाक मारली नसेल. सरांचा आवाज तुमच्या गोष्टीत आधीपासून होता, तो त्या धंद्यातच आहे. फक्त चित्रपटातल्या कुणालाच तो खटकत नाही, म्हणून तो एकट्या प्रेक्षकाला खटकतो आणि तो हसतो.

एका दिवसाचं शूट जमेल म्हणालात ना? ते इथं वापरा. सरांना घेऊन एकही रडण्याचा प्रसंग पुन्हा करू नका. मुलीचे शॉट घ्या. बाप मोठ्यानं बोलायला लागतो आणि ती उठून खिडकी लावते, शेजाऱ्यांना ऐकू जाऊ नये म्हणून. तिच्या हातात इतकी सवय दिसू दे, की लहानपणापासून ती हे करतेय हे कळावं. दुसऱ्या एखाद्या ठिकाणी ती फोनवर बोलताना दुसरा कान हातानं बंद करते. पुरे. एवढे दोन-तीन शॉट सुरुवातीच्या वीस मिनिटांत पेरा, आणि सरांच्या पुढच्या निम्म्या प्रसंगांना कात्री लावायची गरज राहते का ते बघा.

त्याच दिवशी दुपारी सरांचे शॉट घ्या, पण त्यांना संवाद देऊ नका. हातात पक्कड द्या. फ्यूजची तार बदलायला सांगा, जुन्या बोर्डातला एखादा सैल स्क्रू आवळायला सांगा, खरोखरचा. आधी एखाद्या निवृत्त लाइनमनकडून त्यांना ते शिकवून घ्या, आणि मेन स्विच बंद ठेवा. हाताला खरं काम असलं की कुठलाच नट अभिनय करत नाही, त्याचं सगळं लक्ष त्या तारेत असतं. कॅमेरा लांब ठेवा. युनिटला बजावून ठेवा, कुणी टाळी वाजवायची नाही.

आता साडीचा प्रसंग. त्याला मात्र खिडकीचं कारण पुरणार नाही. मोठ्यानं बोलणं ही सवय असू शकते, छाती बडवून रडणं ही सवय नसते. मी तिथं काय केलं असतं ते सांगते. ट्रंक उघडते, साडी निघते, सर तिच्याकडे बघतात. त्यांचा चेहरा फुटायला लागायच्या आधी कट. मुलगी दाराबाहेर उभी. तिच्या चेहऱ्यावर आतला आवाज. तो सगळा ऐकवू नका, पहिला हुंदका ऐकवा आणि बाकीचा भिंतीपलीकडून येतो तसा दबका करा, मिक्सिंगमध्ये ते सहज होतं. आयुष्यभर खिडकी लावणारी ती मुलगी या वेळी खिडकीकडे जात नाही. उभी राहते. हा शॉटही त्याच दिवशी घ्या. मग आत परत जा, सर चष्मा पुसतायत तिथं, म्हणजे 'कट'नंतरच्या त्या सेकंदांवर, जर ते मिळाले तर.

डबिंगचं थोडक्यात. सेटवरचा आवाज जिथं ठेवता येईल तिथं ठेवा. मोठ्यानं उघडलेल्या तोंडावर हळू आवाज बसत नाही, ते लगेच उघडं पडतं. पाठमोरे शॉट, लांबचे शॉट, मुलीच्या चेहऱ्यावर येणारी वाक्यं, एवढ्यांसाठीच सरांना स्टुडिओत बोलवा. त्यांना उभं करू नका, खुर्चीत बसवा. मुलीचं काम केलेल्या अभिनेत्रीला शेजारी बसवा आणि वाक्यं तिच्याशी बोलायला लावा. मायक्रोफोन किती जवळ आहे ते एकदा हात लावून बघू द्या. त्यांची पहिली ओळ हेडफोनवर त्यांना ऐकवा. मी असे दोन-तीन जुने नट पाहिलेत, जे स्वतःचा श्वास हेडफोनवर पहिल्यांदा ऐकून थबकले आणि मग आपोआप खाली आले.

यासाठी सरांना खरं सांगावं लागेल, आणि तुमचं पत्र मुळात याचसाठी आहे असं मला वाटतं. हो, सांगा. प्रीमियरला, भरलेल्या चित्रपटगृहात, पहिल्या रांगेत बायकोशेजारी बसून ते हसू त्यांनी ऐकावं का? १९८१ साली 'मॉमी डिअरेस्ट' आला. आईच्या हातून सोसलेल्या छळाची, एका मुलीनं लिहिलेली हकीकत, विषय अंगावर येणारा. आईच्या म्हणजे हॉलिवूडची तारका जोन क्रॉफर्ड हिच्या भूमिकेत फे डनावे, ऑस्कर मिळालेली अभिनेत्री. तिनं जीव ओतला, आणि चित्रपटगृहात लोक हसायला लागले. हे दिसल्यावर स्टुडिओनं जाहिरातीच फिरवल्या आणि चित्रपट चेष्टेचा विषय म्हणूनच विकायला घेतला. वर्षातल्या सर्वांत वाईट अभिनेत्रीचं रॅझी हे चेष्टेचं पारितोषिक तिच्या वाट्याला आलं. सेटवर आपल्याला कुणी आवरलं नाही, दिग्दर्शकाला ते कळायला हवं होतं, अशी खंत तिनं पुढे मांडली. तिच्या बोलण्यात मला नेहमी एक प्रश्न ऐकू येतो, तुम्ही सगळे बघत होतात ना, मग गप्प का बसलात? सरांना तो प्रश्न तुम्हाला विचारायची वेळ येऊ देऊ नका.

फोनवर सांगू नका. घरी जा, एकट्या. निर्माता नको, तुमचा संकलक नको, बारा जणांच्या हसण्याचा उल्लेखही नको. लॅपटॉप न्या, दोन प्रसंग दाखवा, एक ज्यात ते सुंदर आहेत आणि एक साडीचा. दाखवून झाल्यावर लगेच बोलू नका. ज्यांनी जन्मभर दुसऱ्यांच्या तालमी पाहिल्या त्यांना स्वतःचं काम बघता येतं, फक्त त्यांना ते अजून कुणी बघू दिलेलं नाही. 'ओव्हर' हा शब्द तोंडातून काढू नका. तुमच्या वाट्याचं आधी सांगा: "सर, कॅमेरा किती जवळ आहे, हे मी तुम्हाला सांगायला हवं होतं. मला धीर झाला नाही." हे खरंही आहे. ते दुखावतील. कदाचित उठून आत जातील, कदाचित म्हणतील, मग दुसरा कुणी घ्यायचा होता. तरी चहा घेतल्याशिवाय निघू नका. विद्यार्थिनीनं खरं सांगितलं म्हणून कायमचा रागावलेला चांगला शिक्षक मी तरी पाहिला नाही. मात्र दोन-चार दिवस जातील, तेवढे जाऊ द्या.

आणि ते पुन्हा विचारतील, "मग आता काय करायचं, पोरी?" तेव्हा त्यांना पक्कड आणि फ्यूजबद्दल सांगा.

एक तातडीचं. शूटच्या मूळ फाइल्स असलेली हार्ड डिस्क निर्मात्याकडे परत गेली असेल तर आजच मागवून घ्या, आणि नसेल तर अजून देऊ नका. एनजी टेक आणि 'कट'नंतरचे सेकंद तुमच्या टाइमलाइनवर नसणार, ते फक्त तिथंच आहेत. जागा करायची म्हणून कुणी ते पुसून टाकण्याआधी त्याची एक प्रत काढून घ्या.